दुसरी सही

वही पुढे सरकवून सोपानराव म्हणाले, "झाली पुरी. आता दुसरी सही, तपासणाऱ्याची."

साधनाने पेन उचलले नाही. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर सासऱ्यांनी डाव्या हाताने भागाकार मांडायला घेतले, त्याला सात महिने झाले होते. संख्या त्यांनीच निवडली होती: चौदा लाख त्रेसष्ट हजार चारशे सत्त्याहत्तर. कारखान्यात त्यांनी तपासून सोडलेल्या शेवटच्या गिअरबॉक्सचा तो क्रमांक. त्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, असा त्यांचा दावा होता. तो सिद्ध करायला वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने एक, असे एकशे सत्त्याण्णव भागाकार लागणार होते. पानाला एक.

या सात महिन्यांत त्यांच्याशी कुणी वाद घातला नव्हता. भाजी अळणी म्हटली तरी त्यांचा मुलगा अजिंक्य मान डोलवी, खारट म्हटली तरी डोलवी. मिलिमीटरच्या शतांशासाठी तासन्‌तास भांडणारा हा माणूस घरातल्या सर्वांना एकाएकी नेहमीच बरोबर वाटू लागला होता. आज कामावर निघतानाही अजिंक्य बायकोला सांगून गेला होता, की टाक करून सही, आपले काय जाते.

साधना चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती. काल बसमध्ये तिने ती संख्या मोबाइलमध्ये घालून पाहिली होती. सहाशे सात गुणिले दोन हजार चारशे अकरा. घरी येऊन तिने सहाशे सातचे पान काढले, एकशे अकरावे. साठापुढे उतरवलेला सात थरथरत्या हाताने एकासारखा आला होता. त्यामुळे शून्य बाकी यायची, तिथे सहाशे एक उरली होती. पुढची शहाऐंशी पाने व्यर्थ गेली होती.

"आबा, मला सही नाही करता येणार."

सोपानरावांनी पेन तिच्याकडे ढकलले. नुसते नाही म्हणून भागत नाही, नाकारणाऱ्याने कारण लिहून खाली पूर्ण नाव घालायचे असते, एवढेही तुमच्या कंपनीत शिकवत नाहीत काय, असे त्यांनी अडखळत विचारले.

तिने लिहिले: पान एकशे अकरा. बाकीबद्दल शंका आहे. पुन्हा तपासावे. खाली नाव घातले.

त्यांनी ते वाचले. मग पान काढून एकेका ओळीवरून बोट खाली नेले. शेवटच्या ओळीवर ते थांबले, मागे गेले, पुन्हा तिथेच येऊन थांबले. खुर्चीत कलंडलेली त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली.

"शंकेवर कधी माल परत जातो काय गं?" ते म्हणाले. "खोड ते. चूक लिही."