गेटवरचा चहा

"तुमीही आले का सर? मले वाटलं, या वर्षी आराम करान," देवश्री गावंडे म्हणाली.

"आराम रिटायर झालेला माणूस करते," नरेश बोधनकर म्हणाले. "मी परमनंट तरी कधी झालो?"

"रागावू नका सर. तुमचीच पोट्टी आहे."

"म्हणूनच म्हटलं, रांगेत माह्या मागं उभी राहशील."

ती हसली आणि त्यांच्या आधी आत गेली.

रायपूरच्या विद्यापीठात जनसंपर्क विषयाच्या अतिथी व्याख्यात्याची जागा एकच होती. दर जुलैत ती रिकामी व्हायची, मुलाखती व्हायच्या, आणि आतापर्यंत दर वेळी ती नरेश सरांनाच मिळाली होती. दुसरी नोकरी त्यांना नव्हती. देवश्री त्यांचीच विद्यार्थिनी. आता ती नवा रायपूरच्या एका कार्यालयात प्रेसनोटा लिहायची, आणि वर्गावर उभं राहायचं तिच्या मनात होतं.

मुलाखतीत प्रत्यक्ष शिकवून दाखवावं लागे. नवे प्रवेश तोवर झालेले नसत. बाक भरलेले दिसावेत म्हणून विभागातर्फे जुन्या मुलांना बोलावलं जाई आणि उमेदवारांनाही मागे बसवलं जाई. बाहेरून आलेले तज्ज्ञ पहिल्या बाकावर, शेजारी विभागप्रमुख चित्रा मॅडम. विषय सगळ्यांना एकच: अफवा आणि जनसंपर्क. शिकवायचं हिंदीत.

देवश्रीने गोष्टीपासून सुरुवात केली. शहराजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टी फुटून तीन मजूर मेल्याची अफवा पसरली. गेटवर गर्दी जमली. लोकांनी दगड उचलले. इथे ती थांबली. मग म्हणाली, जनसंपर्क अधिकाऱ्याने प्रेसनोट काढली नाही. त्याने त्या तिघांना बाहेर आणलं आणि गेटसमोरच्या ठेल्यावर चहा प्यायला बसवलं. तिघांचा चहा संपायच्या आत गर्दी पांगली होती.

मुलं खूश झाली. तज्ज्ञांनी मान डोलावली.

मागच्या बाकावर नरेश सरांनी आपलं टिपण मिटलं. गोष्ट त्यांची होती. दगडांनंतरचं थांबणंसुद्धा त्यांचंच होतं. आता त्यांच्या पाळीला त्यांच्याकडे काय उरणार होतं? आणि त्यात असं काही कधी घडलंही नव्हतं. एका पेंगुळलेल्या वर्गाला जागं करायला ती त्यांनी उभ्या उभ्या रचली होती. पुढे ती इतकी आवडू लागली की खरं सांगायचं राहूनच गेलं.

"स्रोत?" तज्ज्ञांनी विचारलं.

देवश्री किंचित अडखळली. "उन तीनों में से एक से मैं खुद मिली हूँ, सर. मारोती नाम है."

नरेश सर ताठ बसले. पोरगी आपण होऊन हातात सापडली होती.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी व्याख्यान दिलंच नाही. मागे बसलेला उमेदवारही विद्यार्थीच समजायचा, हा तिथला नियम. त्यांनी खडू घेतला आणि देवश्रीला उभं केलं.

"समझिए, प्रेस कॉन्फ़्रेंस है. मारोती आपको कहाँ मिला?"

"उसके घर पर, सर."

"काम क्या करता था?"

"भट्टी पर था."

"उस दिन उसे बाहर किसने बुलाया?"

ती उत्तर देत गेली आणि ते प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत गेले. मारोतीला घर मिळालं, काम मिळालं, मग एक साहेब मिळाला, धाकटा भाऊही मिळाला. फळा अर्धा भरल्यावर त्यांनी त्या सगळ्यावर एक आडवी रेघ ओढली.

"इसमें से कुछ भी सच नहीं है. यह घटना हुई ही नहीं. मैंने बनाई थी, इसी कमरे में."

तज्ज्ञ चित्रा मॅडमकडे वळले. मॅडम फळ्याकडेच बघत होत्या.

देवश्री खाली बसली नाही. घरातल्या हट्टी म्हाताऱ्याशी बोलावं तशी ती मराठीत हळू बोलली. "एका जागेसाठी काहून असं करून राहिले सर? माह्यावर राग आहे तं माह्यावर काढा. त्या बिचाऱ्या मारोतीले काहून खोटं पाडता?"

तज्ज्ञांना मराठी येत नव्हती. चित्रा मॅडमनी ते हिंदीत सांगितलं. सांगताना बिचारा हा शब्द त्यांनी गाळला नाही.

"नहीं हुआ, इसका कोई प्रमाण है आपके पास?" तज्ज्ञांनी विचारलं.

नरेश सर प्रमाण शोधू लागले. कारखान्याला त्यांनी कधी नाव दिलं नव्हतं. तारीख दिली नव्हती. खोटं ठरवता येईल असं त्या गोष्टीत काहीच नव्हतं. ती रचताना त्यांनी नेमकी तीच काळजी घेतली होती.

"मैं कह रहा हूँ," ते म्हणाले.

"कह तो वो भी रही हैं."

तेवढ्यात बाकावरच्या जुन्या मुलांपैकी सोनियाने हात वर केला. ती सिलतऱ्याहून यायची. वर्गात मोजकं बोलायची आणि कधी खोटं बोलायची नाही, हे नरेश सर शपथेवर सांगू शकले असते. त्यांनी तिला घाईने बोलायची खूण केली.

"सर, मेरे चाचा वहीं काम करते हैं," ती म्हणाली. "चाय वाली बात उन्होंने भी बताई थी." सरांचा चेहरा पाहून तिला वाटलं, त्यांना खरंच आठवत नाहीये. म्हणून तिने समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, "उस दिन ठेले वाले ने पैसे भी नहीं लिए थे, सर."