दहापर्यंत

पत्र पुरतं वाचून व्हायच्या आतच नेथनने ते टेबलावर आपटलं. ताटलीतली ओटची भाकरी खाली पडली.

"काय म्हणतोय? कधी येतोय?" टॅमरने विचारलं.

नेथनने पत्र पुन्हा उचललं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत बायकोला वाचून दाखवलं. त्याचा धाकटा भाऊ एडविन दूर दक्षिणेत विद्यापीठात जुन्या बोलींचा अभ्यास करत होता. 'आई आठवडासुद्धा काढायची नाही, लगेच नीघ,' असं नेथनने त्याला कळवलं होतं. त्याचं हे उत्तर. तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. सत्र संपेपर्यंत निघणं शक्य नाही. आणि खाली आकडे घालून नऊ प्रश्न. आपल्या डोंगरातले मेंढपाळ मेंढ्या मोजताना जे जुने आकडे म्हणत, ते आईला वीसपर्यंत येतात. ती आहे तोवर म्हणवून घे. तिला सुचवू नकोस. अडखळली, तर कुठे अडखळली तेही टिपून ठेव.

"अडखळली तर!" टॅमर उसळली. "इथे तिला घोटभर पाणी गिळवत नाही!"

"विद्वान आहे ना तो," नेथन म्हणाला. "उद्या घराला आग लागली तर धूर कुठल्या रंगाचा होता ते विचारेल."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

"नेथन," आईचा आवाज आला. "कागद घेऊन ये."

"आई, काही नको. पडून राहा तू."

"बहिरी नाही झाले अजून. ये म्हणते ना."

तो कागद घेऊन तिच्या उशाशी बसला. तिने डोळे मिटले.

"यान. तान. तेथेरा. मेथेरा. पिंप." प्रत्येक शब्दाला तिला नवा श्वास घ्यावा लागत होता. पण ती कुठेही अडखळली नाही. दहावा शब्द आला, "दिक." आणि तिने ओठ घट्ट मिटले.

"पुढे, आई?"

"पुढचे दहा इथे येऊन ऐक म्हणावं. माझ्यासमोर बसून." ती भिंतीकडे वळली.

नेथनने स्वयंपाकघरात येऊन ते दहा शब्द एडविनला लिहायच्या उत्तरात उतरवले. खाली आईचा निरोप लिहिला. टाक इतका दाबला की कागद दोनदा फाटला.

टॅमर त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तोवर त्या राहिल्या नाहीत तर? बाकीचे लिहून टाक ना. तुला येतात की. रोज सकाळी फाटकाशी उभा राहून त्याच आकड्यांनी मेंढ्या मोजतोस."

"तीस वर्षं मोजतोय." नेथनने पाकीट चिकटवलं. "नऊ प्रश्न विचारलेत त्याने, टॅमर. मला येतात का, हे एकातही नाही."