एक एप्रिलच्या आधी

बायको सातोए गेल्याचा फोन आला तेव्हा किजिमा दाराच्या चौकटीशी धाकटीची उंची मोजत होता. चार वर्षांची कोहारु पाठ चिकटवून, श्वास रोखून उभी होती. रविवारी सगळे पार्कला जाणार होते आणि तिथे उंची बघितल्याशिवाय पाळण्यात बसू देत नाहीत. फोन डबे भरायच्या कारखान्यातून होता. सातोए तिथे कामाला होती. उभ्या उभ्या कोसळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. किजिमाने फोन ठेवला. कोहारुने विचारलं, आता श्वास सोडू का.

ते नोव्हेंबरात. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले. त्या वर्षी सुतकामुळे नव्या वर्षाची पत्रं कुणाला पाठवली नाहीत. फेब्रुवारीत एका सकाळी आईच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवताना दुसरीतल्या तेप्पेईने विचारलं, पार्क आता कायमचं रद्द का. किजिमा म्हणाला, नाही, जाऊ.

तो लोकांचं घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर होता. मार्चमध्ये निम्मं शहर घर बदलतं. पहिला आठवडा गेला की एप्रिल सरेपर्यंत सुट्टीचं नाव काढायचं नसतं. म्हणून त्याने मार्चचा पहिला शनिवार मुकादमाकडून आधीच मागून घेतला.

त्या संध्याकाळी चौघं कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीखाली पाय घालून बसले. थोरली मिनोरी सहावीत होती. सहलीआधी शाळा देते तशी छोटी वही तिने स्वतःच करून आणली होती. किती वाजता निघायचं, पिशवीत काय घ्यायचं, चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं, सगळं आखून लिहिलेलं. फक्त तारीख एप्रिलची होती.

किजिमाने सांगितलं की एप्रिलमध्ये त्याला सुट्टी नाही. मिनोरी म्हणाली, मग मे चालेल. तो म्हणाला, मार्चचा शनिवार मिळालाय. ती म्हणाली, मार्च नको. कारण विचारलं तर वहीच्या कडा सारख्या करत बसली.

"ताई आता मोठी बाई झालीय," तेप्पेई म्हणाला. "तिला पार्क पोरकट वाटतं."

गोधडीखाली त्याला लाथ बसली. कोहारुने मध्येच जाहीर केलं की ती कपबशीच्या पाळण्यात नऊ वेळा बसणार आहे आणि मग झोपणार आहे.

किजिमाला वाटलं, आईला जाऊन चार महिनेही झाले नाहीत, हिला हसायला जायचं नसेल. जबरदस्ती करायला नको. मे तर मे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि उगीच वहीचं पान उलटलं.

त्या पानावर तक्ता होता. रोलरकोस्टर : बाबा, तेप्पेई. कपबशी : मिनोरी, कोहारु. घोडे : मिनोरी, कोहारु. कोहारुला शू : मिनोरी. तेप्पेई हट्टाला पेटला तर : मिनोरी. खाली पार्कचं पत्रक चिकटवलं होतं आणि त्यातल्या एका नियमाखाली लाल रेघ होती. तिसरीपर्यंतच्या मुलांबरोबर पाळण्यात सातवीतलं किंवा त्याहून मोठं कुणीतरी बसलं पाहिजे.

मिनोरीची सहावी मार्चअखेर संपत होती. एक एप्रिलला ती सातवीत जाणार होती.

किजिमाने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"एप्रिलपासून मी मोठ्यांत धरली जाते," मिनोरी म्हणाली. "मग आपण दोन मोठे होतो, बाबा. पूर्वीसारखे."

तो तक्ता बघत राहिला. गेल्या वर्षी मिनोरी आईबरोबर त्या रोलरकोस्टरवर सहा वेळा बसली होती. घरी आल्यावर दोन दिवस दोघींचा आवाज बसलेला होता. तक्त्यात रोलरकोस्टरपुढे तिचं नाव कुठेच नव्हतं. अदलाबदल करून तिला तेप्पेईबरोबर वर पाठवता आलं असतं. पण तशी ती वर गेली असती तरी मोठी म्हणूनच गेली असती, भावाचा हात धरून.

"मार्चमध्येच जायचं," किजिमा म्हणाला. "तू लहानांत आहेस तोवर."

"पण मग मोठे तुम्ही एकटेच. तुम्ही वर गेलात तर कोहारुला कोण बघणार?"

"दुसरं मोठं माणूस मी आणतो. ते काम तुझ्या वहीत नको."

मिनोरीने वही मिटली. मग तिने हळूच विचारलं, रोलरकोस्टरला पुढची जागा मला मिळेल का. ती आपली आहे, असं तेप्पेईने लगेच सांगितलं. दोघं त्यावर इतका वेळ भांडली की चहा गोधडीवर सांडला. किजिमाने कुणालाच गप्प केलं नाही.

मुलं दात घासायला गेली तेव्हा त्याने खोडरबर घेतलं. कोहारुच्या नावाजवळून मिनोरीचं नाव तीन ठिकाणी खोडलं, तेप्पेईच्या हट्टापुढचं चौथं. रोलरकोस्टरपुढे ते लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून बसला. त्याच्या आईचे गुडघे गेलेले. मेहुणीला विचारावं तर अंत्यविधीनंतर ती दोनदा जेवण घेऊन आली होती आणि दोन्ही वेळा त्याने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. शेजाऱ्यांचं नाव त्याला धड माहीत नव्हतं. कुणाकडे काही मागायचं असलं की ते सातोए मागायची.

शनिवारला दहा दिवस उरले होते. दुसरं मोठं माणूस कोण, ते अजून ठरलं नव्हतं.