आठ खाचांचं नाणं

डॉक्टरबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडापुढे धरली आणि तिच्यावर बोट ठेवलं. टिल्लूच्या इवल्याशा छातीत, मधोमध, एक पांढरी चकती दिसत होती.

"अन्ननलिकेत अडकलंय. काय गिळलं हिनं? नाणं की ती बटणाएवढी बॅटरी?"

आता हे पाहिलं होतं कुणी? पोर दोन वर्षांची. काय खाल्लंस म्हणून विचारलं की मोठा आ करून दाखवायची, आणि आत तर काहीच नसायचं.

"बॅटरीच असणार," सून म्हणाली. "आज दुपारीच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची बॅटरी बदलली मी. जुनी ओट्यावर ठेवली होती. आता ओट्यावर काही नाही. माझंच चुकलं."

"माझ्या डबीतलंही एक नाणं गायब आहे," तिचे सासरे, टिल्लूचे आजोबा, म्हणाले.

त्यांचा छंद घरात सगळ्यांना पाठ होता. बाहेरून आले की खिसा टेबलावर रिकामा करायचा आणि भिंग घेऊन बसायचं. सुट्या पैशांत एखादं वेगळं दिसणारं नाणं सापडलं की वही निघायची. कुठल्या देशाचं, कोणत्या साली पाडलेलं, कुणाकडून आलं, सगळं लिहायचं. आजी म्हणायची, "लोक नाणी खर्च करतात. आमचे हे त्यांची उलटतपासणी घेतात."

डॉक्टरबाई फिल्म सोडायला तयार नव्हत्या. "आत दुसरं वर्तुळ दिसतंय. बॅटरी असली की असंच दिसतं. बॅटरी असेल तर आत्ताच्या आत्ता काढायला हवी, नाहीतर आतून भाजतं. पोर नुकतीच पोटभर जेवलीय, अशात भूल द्यायची म्हणजे जोखीम आहे. नाणं असेल तर थांबता येईल. पण हिनं एवढे हातपाय झाडले, की दोनदा काढूनही फिल्म हललीय. मी अंदाजावर थांबू शकत नाही."

घरात काही बिघडलं, सांडलं, हरवलं की "मी हातसुद्धा लावला नाही" हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. आज मात्र ते तिथं उभे राहून मनातल्या मनात एकच घोकत होते. चूक माझी निघू दे. माझीच निघू दे.

"बाई, त्या नाण्यालाही दोन वर्तुळं आहेत," ते म्हणाले. "बाहेर पिवळा धातू, आत पांढरा. आणि कडेला आठ खाचा. परवा केस कापले, तेव्हा सुट्या पैशांत आलं."

"पण ते आत्ता बघू कुठून?"

"एक नाही, दोन आली होती. अगदी जुळी." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सुनेनं ती सोडवली. "देश ओळखता येईना, म्हणून मित्राला दाखवायला घेऊन निघालो होतो."

डॉक्टरबाईंनी नाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "हे मशीनखाली ठेवा. पाच मिनिटं, जास्त नाही. तोवर भूल देणाऱ्यांना तयार राहायला सांगा."

ती पाच मिनिटं काही केल्या संपेनात. टिल्लू आईच्या मांडीवर किरकिर करत होती.

"बाबा, बॅटरी निघाली तर?"

"नाही निघणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी केवढा वेंधळा आहे ते मला माहीत आहे ना," आजोबा म्हणाले. "तू त्याच्यावर भरवसा ठेव."

दोन्ही फिल्म शेजारीशेजारी लागल्या. आकार तोच. आतलं वर्तुळही तेवढंच. डॉक्टरबाईंनी आजोबांचं भिंग मागून घेतलं आणि टिल्लूच्या फिल्मवरची पुसट कड मोजायला लागल्या.

"चार, पाच, सहा... उरलेल्या दोन हलल्यामुळे गेल्यात." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बॅटरीला खाचा नसतात. हे नाणं आहे."

"माझं!" आजोबा ओरडले. "माझंच नाणं! मीच डबी उघडी टाकली होती! मी, मी!"

दारातून दोनतीन पेशंट डोकावून गेले. स्वतःची चूक कबूल करताना एवढा खूश झालेला माणूस त्या दवाखान्यात आजवर कुणी पाहिला नसेल. सून हसता हसता रडायला लागली, आणि आईला रडताना बघून टिल्लूनंही भोकाड पसरलं. तेवढ्यात घरून आजीचा फोन आला.

"अगं, काटा उघडून पाहिला मी. नवी बॅटरी पाकिटातच आहे. जुनीच परत आत बसवलीस तू!"

संध्याकाळच्या फिल्ममध्ये नाणं पोटात उतरलेलं दिसलं. "आता नुसती वाट बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडलं.

आजीनं ते साबणानं तीनदा धुतलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. डबी आता कपाटात होती, तीसुद्धा कुलपात. वहीचं नाव काढायची आजोबांची हिंमत नव्हती.

आजीनंच वही आणून पुढ्यात टाकली. "लिहा."

त्यांनी चष्मा लावला. दोन धातू, कडेला आठ खाचा. देश, अजून कळलेला नाही. कुणाकडून आलं, आमच्या टिल्लूकडून. शेवटचा रकाना नाण्याच्या अवस्थेचा होता. तिथं ते एरवी ‘झिजलेलं’, ‘बरं’, असं काहीतरी लिहीत. पेन तिथं अडलं.

आजी खांद्यावरून बघत होती.

"त्यात काय एवढा विचार करताय?" ती म्हणाली. "सुखरूप, असं लिहा."