कानबाईचा हुकूम

"दिवाभोवते रंगीत कडं दिखस," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि आरती थांबली.

सकाळपासून त्या एकच सांगत होत्या, उजवा डोळा ठणकतोय. डोळा लाल झाला होता, उलट्याही झाल्या होत्या. पण घरात कुलदेवी कानबाई बसलेली, सगळे भाऊबंद जमलेले. कुणी म्हणालं उपासाचं पित्त, कुणी म्हणालं चुलीचा धूर. धाकटे दीर झुलालभाऊ म्हणाले, "रोटना निवद व्हऊ दे, मंग देखू." त्यांची गाडी दारातच उभी होती. पण विधवा भावजयीच्या डोळ्यासाठी कुलाचार सोडून धावतो कोण?

कड्याचं नाव निघालं आणि वारं फिरलं; ते देवीचंच तेज, असं सगळ्यांनी धरलं. "माय वनी! माय वनी!" देवी अंगात आली म्हणत जाऊबाई ओरडल्या. बायका पाया पडू लागल्या. जिला सकाळपासून कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, तिच्या कपाळावर मळवट भरला गेला.

द्रौपदाबाईंची सून मोहिनी झुलालभाऊंवर संतापली. "नाना, हाई अंगमा येवानं नही! दवाखानामा लई चाला!"

"गप बस! बठेल देव घर सोडीसन जात नही," झुलालभाऊ खेकसले.

द्रौपदाबाई भिंत धरून उठल्या. केस सुटलेले, डोळा रक्ताळलेला.

"झुलाल!"

उभ्या जन्मात त्यांनी दिराला असं नावानं हाकारलं नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"माले धुय्याले जानं शे. गाडी काढ!"

झुलालभाऊंनी हात जोडले आणि चावी घ्यायला पळाले. रोट तसाच राहिला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. "काचबिंदूचा झटका आहे. आतला दाब लगेच उतरवला नाही, तर नजर जाईल." मग शिरेतून औषधाची बाटली लागली, गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब पडत राहिले. हळूहळू कळ ओसरली. द्रौपदाबाईंनी छतावरच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा नुसता दिवा होता. "दाब उतरतोय," डॉक्टर म्हणाले. "आता लेझर करू, म्हणजे पुन्हा चढणार नाही."

झुलालभाऊ अजून खाटेच्या पायथ्याशी हात जोडूनच उभे होते. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, माय गयी का?"

"माय वनीच नव्हती, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पन मना डोया दुखस असं सांगं, तवय कोनी गाडी काढी?"