चार नंबरची खाट

आठ वाजत आले तरी चार नंबरच्या खाटेचा टेलर आला नव्हता. बाकीच्या खाटांवर डायलिसिस सुरू झालं होतं. चारचं मशीन तयार करून टेक्निशियन हाताची घडी घालून उभा होता.

बाहेरच्या बाकावर पोस्टमन आणि त्याची बायको बसली होती. पोस्टमनला अजून स्वतःची खाट मिळाली नव्हती. नेमलेल्यांपैकी कोणी आलं नाही, तर त्या दिवशी ती खाट त्याची. या आठवड्यात सगळे आले होते. त्याचे पाय चपलेत मावत नव्हते. आडवं झालं की दम लागे, म्हणून तो बसूनच झोपायचा.

टेलर एरवी आत शिरताना बाकापाशी थांबायचा.

"आलो बरं का, वहिनी. आजही तुमचा विरस केला."

"काहीतरीच तुमचं, भाऊजी," ती म्हणायची.

सिस्टरने पुन्हा फोन लावून पाहिला. लागला नाही. या खोलीत न येण्याचे अर्थ फारसे नव्हते.

"मशीन रिकामं ठेवता येत नाही," सिस्टर म्हणाली. "काका, या आत."

सुया टोचल्या. नळीत रक्त चढू लागलं. पोस्टमनच्या बायकोने हात जोडले, आणि आपण कशाबद्दल आभार मानतोय हे ध्यानात येऊन सोडले.

ती बाहेर आली तेव्हा टेलर भिंतीला धरून जिना चढत होता.

"बस मध्येच बंद पडली," तो म्हणाला. "चालत आलो."

"आलात?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सिस्टर दारात आली. "मास्तर, रक्त मशीनमध्ये गेलंय. आता थांबवलं तर फिल्टर वाया, आणि दोघांचंही अर्धवट. दुपारच्या पाळीत कोणी आलं नाही, तर तुम्हाला घेते."

"आणि सगळे आले तर?"

"मग उद्या. असंच."

बाकावरची पिशवी उचलून पोस्टमनच्या बायकोने त्याला जागा करून दिली. तो बराच वेळ धापा टाकत होता.

"चला, आज तरी विरस नाही ना केला तुमचा," तो म्हणाला. ती हसली नाही. आत पोस्टमनला आडव्यानेच गाढ झोप लागली होती.

दुपारची माणसं येऊ लागली. आधी एक बस कंडक्टर आला. मग लेकाचा हात धरून एक म्हातारी. प्रत्येक वेळी टेलरची मान वर होत होती. शेवटी एकच जण यायचं राहिलं, कॉलेजात जाणारी एक मुलगी. तिची वेळ होऊन गेली होती.

जिन्यात पावलं वाजली. टेलर पुढे झुकला.

पोस्टमनच्या बायकोने त्याच्या कोपराला हात लावला.

"दाराकडे बघू नका, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "येणाऱ्याला कळतं."