नवसाची बाग

"आई, वॉकर सोडून चालले मी. दारापर्यंत." पनवेलच्या दवाखान्यातून हर्षलाचा फोन होता. मग लगेच, "तिकडं ऊन पडलंय का गं? माश्या आल्या?"

"बघते आन् करते फोन," इंदूबाई कशाबशा म्हणाल्या. डोळे पुसले आणि परडी घेऊन परसात गेल्या.

नवस त्यांनीच केला होता. पोरगी पायावर उभी राहू दे, बागेतली सगळी फुलं तुला वाहीन, एक कळी मागं ठेवणार नाही. गणपतीनं आपलं काम चोख केलं होतं.

चार दिवसांच्या झडीनंतर भिसेगावात लख्ख ऊन पडलं होतं आणि चिनी गुलाब एकदम उमलले होते. घराच्या भिंतीतल्या फटीत राहणाऱ्या पोयाच्या मधमाश्या, तिळाएवढ्या, नांगी नसलेल्या, फुलाफुलात लोळत होत्या. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून फटीत शिरायच्या, की पुन्हा फुलावर. घरात पोरं चार दिवस उपाशी असल्यावर कोण बसून राहील?

स्कूटरवरून पडल्यापासून पनवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत हर्षला सगळा उन्हाळा त्याच भिंतीच्या खिडकीशी पडून होती. "माझ्या वाट्याचं ह्याच फिरून येतात," असं म्हणायची आणि त्यांच्याकडं बघत दिवस ढकलायची.

इंदूबाईंचा हात फुलापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"तोडा की," कुंपणापलीकडून शेजारची नंदा म्हणाली. तिच्याही हातात परडी होती; पूजेची फुलं ती रोज इथलीच न्यायची. "नवस म्हंजे नवस, काकू. देवाशी लबाडी बरी नाय."

"लबाडी कोन करतंय गं?"

इंदूबाई आत गेल्या. देव्हाऱ्यातला पितळी गणपती ताम्हनात घेऊन आल्या, फुलांच्या मधोमध दगडावर ठेवला आणि हात जोडले. "देवा, लय उपकार झालं तुजं. ही सगळी बाग तुला वाहिली. मुळासकट."

"आन् तोडायची कधी?" नंदानं विचारलं.

"देवाला वाहिलेलं फूल कोन उचलून नेतं का?"

नंदानं परडी हळूच पदराआड घेतली.

एक माशी गणपतीच्या सोंडेवर टेकली, पायाचा गोळा सावरला आणि भिंतीकडं उडाली. इंदूबाईंनी फोन लावला.

"आल्या गं, समद्या आल्या," त्या म्हणाल्या. "आता तू चालत ये."